पाहुण्यांसाठी उपसलेली विहीर

पाहुण्याच्या हातात पाण्याचा पेला देण्याआधी मी तो हुंगून बघते. नांदेडला राहायला येऊन बरीच वर्षं झाली, स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करायचं यंत्र भिंतीला लटकलेलं आहे, तरी ही सवय जात नाही. ओट्याकडं तोंड करून, पदराआड हुंगते, म्हणजे बाहेरच्या खोलीतल्या माणसाला दिसू नये. नवऱ्याला मात्र दिसतं. तो म्हणतो, तुझ्या बँकेत खोटी नोट चालून जाईल, पण तुझ्या घरात पाणी चालून जायचं नाही. मी हसते. हसण्यावारी नेता येतं तोवर न्यावं.

एरवी वर्षभर हे माझ्या ध्यानातही नसतं. वैशाख लागला, गल्लीतले बोअर पाण्याऐवजी हवा ओकायला लागले, की मग आठवतं. यंदाही गल्लीच्या तोंडाशी टँकर येऊन उभा राहिला, प्लास्टिकच्या पाइपाभोवती बायकांची गर्दी झाली, आणि त्याच दिवशी पेपरात नव्या जिल्ह्याची बातमी आली. आमच्याकडं दुष्काळ आणि नवा जिल्हा या दोन गोष्टी जोडीनं येतात. पाऊस दगा देतो, टँकर निघतात. टँकर निघाले की मोर्चे निघतात. आणि मोर्चा निघालाच आहे तर त्यात जिल्ह्याची मागणीही बसवून घेतात, वऱ्हाडाच्या गाडीत लांबच्या पाहुण्याला बसवून घ्यावं तशी. बातमी वाचली आणि मी पेपर घडी करून ठेवला. हातातल्या पेल्याला तोच तो वास आल्यासारखा वाटला. पेल्यात काही नव्हतं.

ज्या उन्हाळ्यानं मला ही सवय लावली, तो मी लातूरला वसतिगृहात काढला. पदवीचं शेवटचं वर्ष होतं. लातूरला तेव्हा रेल्वेनं पाणी येत होतं, आणि आम्ही पोरी एका बादलीत अंघोळ, कपडे आणि वर फरशी, असं सगळं उरकत होतो. कुणी विचारलं की मी ऐटीत सांगायची, आमच्या गावाकडं अख्ख्या शिवारात एकच विहीर जिवंत आहे आणि ती आमची आहे. ते खरंही होतं. आमचं गाव उदगीर-देवणी रस्त्यापासून आत. गावाच्या विहिरी माघातच उघड्या पडल्या होत्या. बुडाशी नुसते खडक दिसायचे. आमची मात्र ओढ्याच्या काठी, उताराच्या पायथ्याशी. वरचं पाणी झिरपत झिरपत शेवटी आमच्याकडं येणार, अशी जागा. जमीन मिळाली तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडलेली, मुरमाड म्हणून. पण बाबांनी योजनेतून विहीर मंजूर करून घेतली, सुरुंग लावून, दगड फोडून ती खोदली, आणि मुरमाखाली पाणी निघालं. त्या दिवशी बाबांनी घरातल्या निळ्या कोटातल्या फोटोला पहिला तांब्या दाखवला होता, असं माय सांगायची.

मायचं आणि विहिरीचं नातं वेगळंच होतं. तिच्या माहेरी ती लहान असताना गावाच्या विहिरीच्या पायऱ्यांखाली रिकामी घागर घेऊन उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून ओतणार. घागर जरा पुढं सरकली की वरून आवाज यायचा, शिवू नको. हे ती आम्हाला कधी रडून सांगायची नाही. भाकरी थापता थापता, बाजारभाव सांगावा तसं सांगायची. म्हणून आमची विहीर तिनं देव्हारा ठेवावा तशी ठेवली. कठड्याला चुना, पायऱ्यांवर एक पान नाही, आणि कठड्यावर चिंचेनं घासलेला तांब्याचा तांब्या, कायम भरलेला. येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी.

तो तांब्या भरलेलाच राहायचा. आता कुणी कुणाला काही म्हणत नव्हतं, तो काळ गेला होता. गावातली माणसं विहिरीपाशी थांबायची, मायची खुशाली विचारायची, आणि तिनं तांब्या पुढं केला की म्हणायची, राहू दे, आत्ताच पिऊन आलो. उन्हातून कोसभर चालत आलेला माणूसही आत्ताच पिऊन आलेला असायचा. माय म्हणायची, बरं. आणि संध्याकाळी ते पाणी तुळशीसारखं जपलेल्या एका वांग्याच्या रोपाला घालून तांब्या पुन्हा घासायची.

आमच्या शेताच्या वरच्या अंगाला खडीची जुनी खाण होती. ती एका कंपनीनं घेतली. तिचं नाव घेऊन काही उपयोग नाही; अशा कंपन्यांच्या पाट्या बदलत असतात. खाणीत आधी काळं प्लास्टिक अंथरलं गेलं. गावाला वाटलं शेततळं होतंय, आणि दोनचार जणांनी तर मासे सोडायचे मनसुबेही रचले. मग ताडपत्री बांधलेले ट्रक यायला लागले. लांबच्या कारखान्यांतून पिंपं, गोण्या, काळा-पिवळा गाळ. घातक कचरा शास्त्रशुद्ध पुरायची जागा, असं फाटकावर लिहिलं होतं. शास्त्रशुद्ध या शब्दाला आमच्या गावात मान आहे. कुणी काही बोललं नाही.

आधीच्या पावसाळ्यात जो काही थोडाफार पाऊस पडला तो त्या खाणीतून मुरला. काळं प्लास्टिक कुठंतरी फाटलं असणार. दिवाळीनंतर आमच्या विहिरीच्या पाण्याला भिजलेल्या काडेपेटीसारखा वास यायला लागला. वर पातळ तवंग. शेळ्या तोंड घालायच्या, शिंकायच्या आणि फिरायच्या. बाबांच्या पोटऱ्यांना खाज सुटली. माय त्याला वास म्हणायची नाही. ती म्हणायची, पाणी जरा जड झालंय. पिण्यासाठी ती गुपचूप लांबच्या हातपंपावरून आणायला लागली, आणि विचारलं तर म्हणायची, तिकडचं गोड लागतं.

मला आजही याचं नवल वाटतं. घाण केली कुणी आणि तोंड लपवलं कुणी. कंपनीची माणसं कडक इस्त्रीचे शर्ट घालून गाडीतून जायची, काचा वर करून. त्यांच्या चेहऱ्यावर कधी काही दिसलं नाही. लाज घाण करणाऱ्याकडं जात नाही. ज्याच्या दारात घाण येऊन पडते त्याच्याकडं मुक्कामाला येते, आणि एकदा आली की जावयासारखी हलत नाही.

बाबांना लाजबीज काही नव्हती. त्यांना राग होता. त्यांनी आमच्या वस्तीतली माणसं गोळा केली आणि कंपनीच्या फाटकासमोर मांडव टाकून बसले. आधी गाव लांबून बघत राहिलं. मग गावाच्या विहिरी आटल्या, आणि उरलेली एकमेव विहीर नासत चालली हे ध्यानात आल्यावर सगळं गाव मांडवात आलं. सरपंच आले, किराणा दुकानाचे अप्पा आले, त्यांच्या पत्नी मल्लम्माकाकू बायकांना घेऊन आल्या. मांडवात पाण्याचा जार ठेवला होता. बाबा मला फोनवर म्हणाले, संगे, जारच्या पाण्याला जात नसती बघ, सगळे एकाच तोटीखाली पेला धरून राहिले. त्यांचा आवाज त्या दिवशी पोरासारखा वाटला.

तेवढ्यात जिल्ह्यावाले आले. त्यांच्याकडं माणसं होती, आमच्याकडं मांडव होता. म्हणून एकाच मांडवात दोन फलक लागले, पुढं नवा जिल्हा झालाच पाहिजे, मागं काळा खड्डा बंद करा. पुढारी येऊन भाषण करून जायचे. एकदा जिल्हा झाला की प्रदूषणाचं कार्यालय इथंच येईल, मग कुणाची हिंमत, असं एकानं सांगितलं आणि टाळ्या पडल्या. आमच्या लोकांनीही वाजवल्या. जिल्हा झाल्यावर काय काय होणार याची यादी त्या उन्हाळ्यात एवढी लांबली होती की त्यात पाऊसही होता असं मला वाटतं.

शेवटी वरून शब्द आला. भूजल खात्याची माणसं येतील, विहिरीचं पाणी तपासतील, अहवाल वाईट आला तर खड्डा बंद. नमुना आमच्याच विहिरीचा, कारण खड्ड्याला तीच जवळ आणि पाणी तिलाच. हे सांगायला सरपंच स्वतः आमच्या अंगणात आले. आयुष्यात पहिल्यांदा बाजेवर टेकले. बाबा तेव्हा देवणीला धरणं धरायला गेलेले, दोन दिवस तिकडंच मुक्कामी. सरपंचांनी मायला सगळं समजावून सांगितलं. पण त्यातलं एकच वाक्य मायच्या कानात राहिलं. ते जाता जाता म्हणाले होते, तयारीत ऱ्हावा, सगळं गाव तुमच्या हिरीवर येनार हाय.

आता यापुढचं सांगताना मला अजूनही हात कुठं ठेवावेत ते कळत नाही.

आमच्याकडं तपासणी म्हटलं की आधी झाडलोट येते. शाळेत साहेब येणार असले की हुशार पोरं पुढच्या बाकावर, फळ्यावर सुविचार, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला त्या दिवशी घरी ठेवायचं. मंत्री येणार असला की रस्त्याचे खड्डे बुजवायचे, म्हणजे ज्या खड्ड्यांसाठी त्याला बोलावलं तेच त्याला दिसू नयेत. दवाखान्यात जातानाही आम्ही अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून जातो आणि डॉक्टरनं विचारलं, कसं वाटतंय, की म्हणतो, बरं हाय. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आम्हाला बाळकडूत मिळालेलं आहे. तेव्हा मायनं जे केलं ते कुणीही केलं असतं, असं मी स्वतःला सांगते. सांगून झालं की पुन्हा तोंड लपवावंसं वाटतं.

मायनं भावाला निरोप धाडला. मामा टँकर चालवायचा, सरकारी कामावर. त्यानं डिझेलचं इंजिन आणून विहिरीचा उपसा केला. वास मारणारं सगळं पाणी ओढ्यात गेलं. मग माय स्वतः कंबरेला दोर बांधून आत उतरली, गाळ काढला, पायऱ्या घासल्या, ग्रामपंचायतीतून मागून आणलेली ब्लीचिंग पावडर शिंपडली, कठड्याला नवा चुना फासला. मग मामानं लांबच्या तलावातून भरून आणलेला टँकर विहिरीत सोडला. मामानं म्हणे तिला विचारलं होतं, अक्का, उद्या पानी तपासनार हायत ना?

माय म्हणाली, म्हनूनच तर.

दुसऱ्या दिवशी सगळे आले. भूजलचे साहेब भोकरकडचे होते, वयानं लहानच, उन्हानं चेहरा रापलेला. त्या महिन्यात त्यांनी गावंच्या गावं पालथी घातली होती. त्यांनी दोरीला बाटली बांधून आत सोडली, वर काढली, उन्हात धरली. पाणी चकचकीत. ते म्हणाले, विहीर फार चांगली ठेवली आहे. आणि गंमत बघा, ज्यांना ते पाणी वाईट ठरायला हवं होतं त्या माणसांच्याही माना त्या शब्दांनी ताठ झाल्या. आपल्या गावाची विहीर चांगली निघाली, एवढंच त्या क्षणी त्यांना कळलं.

बाबा देवणीहून थेट तिथंच पोचले. त्यांना ब्लीचिंगचा वास आला, कठड्याचा ओला चुना दिसला, आणि त्यांना सगळं उमगलं. ते तेव्हाच का बोलले नाहीत, हे मी त्यांना पुढं कितीदा विचारलं. माय तेव्हा ताटात पेले घेऊन लिंबाचं सरबत वाटत होती, त्याच विहिरीतल्या पाण्याचं. बाबांनी फक्त एवढं उत्तर दिलं, समदे पीत व्हते, संगे. सरपंच, अप्पा, मल्लम्माकाकू. कुणीच आत्ताच पिऊन आलेलं नव्हतं.

अहवाल आला. पाणी पिण्यायोग्य. कंपनीनं त्याची प्रत मोठी करून फाटकावर चिकटवली. मांडवातला मागचा फलक उतरला, पुढचा राहिला. हात दाखवून अवलक्षण झालं, असं सरपंच म्हणाले, पण कुणाचा हात ते त्यांना अजून ठाऊक नव्हतं. आणि मग दुष्काळाच्या कायद्यानं जे व्हायचं ते झालं. तालुक्यात शुद्ध पाण्याची एकच विहीर कागदावर उरली होती. तहसीलचा आदेश निघाला, पावसाळ्यापर्यंत ही विहीर अधिग्रहित, गावाला पिण्यासाठी. गावाचा टँकर बंद.

माझी परीक्षा संपली त्याच दिवशी मी गावी पोचले. घरी पाऊल टाकलं तेव्हाच काहीतरी बिनसल्याचं कळलं. माय अंगणात नव्हती, चूल विझलेली, आणि बाबा भिंतीला टेकून खाली बघत बसलेले. मी विहिरीकडं गेले. तिथं बायकांची रांग लागली होती. स्टीलच्या घागरी, प्लास्टिकचे हंडे, पोरींच्या डोक्यावर कळशा. सगळ्या गावच्या लेकीसुना आमच्या विहिरीवर, रांगेत. हे दृश्य बघायला माझी माय जन्मभर थांबली होती. आणि माय पायऱ्यांच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून उभी होती.

टँकरचं पाणी संपलं होतं. खालचे झरे परत भरले होते आणि वास परत आला होता, अजून थोडाच. बायका म्हणत होत्या, पावडरीचा वास हाय, कागदावर चांगलं हाय. मल्लम्माकाकू सगळ्यांच्या पुढं होत्या. त्यांनी एक पायरी खाली पाय टाकला.

माय म्हणाली, "ह्या पान्याला शिवू नगा."

हे शब्द गावात सगळ्यांना पाठ होते. फक्त ते या तोंडातून त्या दिशेला जाताना कुणी ऐकले नव्हते. मल्लम्माकाकूंचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. वाईट बाई नव्हत्या त्या. मला लहानपणी दुकानातून गोळ्या द्यायच्या, वरून टाकून, पण द्यायच्या.

"आमी आपन होऊन तुज्या हिरीवर आलो," त्या म्हणाल्या, "आन् तू बदला काढून राहिलीस व्हय?"

मागून कुणीतरी म्हणालं, दिवस फिरले की असंच असतंय. एकीनं मायला बाजूला सारायला हात लावला. मी पुढं झाले तर मायनं मला नजरेनंच थांबवलं. ती पायरीवर खाली बसली, पदर तोंडाला लावला, आणि मग तो काढून मांडीवर ठेवला. उघड्या तोंडानंच बोलली. त्या दिवशी तपासलं ते पाणी विहिरीचं नव्हतं, टँकरचं होतं. विहीर तिनं उपसली होती. टँकर तिनं आणवला होता. पाणी तिनं ओतलं होतं, भावाला त्यात बोल लावू नका.

"कामून?" मल्लम्माकाकूंनी विचारलं. आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"तुमी येनार म्हनून," माय म्हणाली.

कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. मल्लम्माकाकू तशाच उभ्या राहिल्या. त्यांची नजर कठड्यावरच्या तांब्याकडं गेली, मग स्वतःच्या रिकाम्या घागरीकडं. त्या वळल्या आणि चालायला लागल्या. त्यांच्या मागं एकेक बाई वळली. रिकाम्या घागरी एकमेकींवर आपटल्याचा आवाज ओढा ओलांडेपर्यंत येत होता.

मला तेव्हा मायची लाज वाटली. आतून जळल्यासारखी वाटली. शिकलेली पोर मी, मला वाटलं, हिला एवढंही कसं कळू नये की आजार दाखवायचा असतो. मग पेपरात चौकट आली, ग्रामस्थांनीच विहिरीत पाणी ओतलं. वसतिगृह सोडायला मी लातूरला गेले तेव्हा पोरी ती वाचून हसत होत्या. मी ट्रंक आवरत राहिले. कंपनीला आयतं कोलीत मिळालं. ती म्हणाली, हे लोक नमुन्यात फेरफार करतात, यांच्या तक्रारीवर कोण विश्वास ठेवणार. गावात म्हणायला लागले, एका बाईपायी सगळं गेलं, आणि बाईच्या आधी आमच्या वस्तीचं नाव घ्यायला लागले. चोर सोडून संन्याशाला फाशी. पण संन्याशीण गप्प होती. तिनं सडा घालणं बंद केलं. कठड्यावरचा तांब्या आत नेऊन ठेवला.

बाबा मात्र विहिरीवरच्या त्या प्रकाराच्या दुसऱ्याच दिवशी त्या उन्हात तहसीलला गेले आणि मायला बरोबर घेऊन गेले. तिनं तिथं परत तेच सांगितलं. टेबलापलीकडच्या माणसानं विचारलं, कामून, आणि तिनं तेच उत्तर दिलं. त्यांनी ते लिहून घेतलं की नाही कोण जाणे. पण टँकर पुन्हा सुरू झाला. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी फाटकासमोर मांडवाच्या जागेवर आमच्या वस्तीतली माणसं जाऊन बसली, मायही बसली, नुसत्या उन्हात, मांडव जिल्ह्यावाले घेऊन गेले होते. दुपारी मल्लम्माकाकू तिथं आल्या. जार ठेवला आणि मायच्या शेजारी बसल्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं त्या नंतर कुणाला तरी म्हणाल्या. मायला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, दात त्यांचे, ओठ आमचे. पण म्हणताना हसली.

खड्डा बंद व्हायला पुढं बराच काळ गेला. आमच्यामुळं झाला, की कंपनीला दुसरीकडं स्वस्त खाण मिळाली म्हणून झाला, हे मला सांगता येणार नाही. आता त्यावर माती आहे आणि मातीवर गवत. भर उन्हाळ्यातही ते गवत हिरवं असतं, आणि गुरं तिकडं फिरकत नाहीत. खड्ड्याभोवती निरीक्षणाचे बोअर घेतलेत, वर कुलूपबंद लोखंडी टोपणं. दरवर्षी पावसाआधी आणि पावसानंतर भूजलची माणसं येतात, त्या बोअरमधून आणि आमच्या विहिरीतून पाणी काढून नेतात. आमच्या विहिरीवर तांबड्या रंगात लिहिलंय, पिण्यास अयोग्य. चुन्याच्या पांढऱ्या कठड्यावर ते लांबून दिसतं. जिल्हा अजून झालेला नाही.

यंदा गल्लीत टँकर आला आणि मला राहवेना. रजा टाकून गावी गेले. नेमका नमुन्याचा दिवस होता. अंगणात पाला पडलेला, शेळ्यांच्या लेंड्या, दोरीवर फाटकं धोतर, बाजेवर उष्ट्या कपबश्या. साहेब लोक येणार आणि घराची ही दशा. माझ्यातली मायची लेक उसळून आली. मी कोपऱ्यातला खराटा उचलला.

माय बाजेवर बसून होती. म्हणाली, "ठिव तो. सायेब जाऊ दे, मंग झाड."

मी म्हटलं, अगं, निदान कपबश्या तरी. ती म्हणाली, हाय तसं दिसू दे. त्या वर्षापासून नमुन्याच्या दिवशी ती अंगणाला खराटा लावत नाही, हे मला बाबांनी मग सांगितलं. आदल्या दिवशीही नाही. स्वच्छतेचा एवढा सोस असलेली बाई त्या दिवशी सकाळपासून त्या पसाऱ्याकडं बघत बसते आणि हात मांडीखाली दाबून धरते. मी बघितलं, खरंच दाबून धरले होते.

साहेब आले. तेच, भोकरचे, आता डोक्यावर केस विरळ झालेत. आधी बोअरचं पाणी काढलं, मग विहिरीपाशी आले. गावातली पाचसहा माणसं मागं, मल्लम्माकाकूही काठी टेकत आल्या होत्या. दोरीला बांधलेली बाटली खाली गेली, बुडबुडली, वर आली. साहेबांनी ती उन्हात धरली. पाणी स्वच्छच दिसत होतं. मग त्यांनी बूच लावायच्या आधी हात जरा लांब केला आणि वास सगळ्यांपर्यंत आला. भिजलेल्या काडेपेटीचा. इतक्या वर्षांनी, तोच.

मी दोन पावलं मागं सरकले. मुद्दाम नाही, पाय आपोआप गेले. चांगली साडी, खांद्याला पर्स, नांदेडची बँकवाली. या विहिरीशी माझा काही संबंध नाही, असं त्या पावलांनी परस्पर सांगून टाकलं. माझं मलाच ते कळलं आणि मान खाली गेली.

माय उठली. गुडघ्यावर हात टेकत विहिरीपाशी आली आणि साहेबांच्या हातातून तिनं बाटली मागून घेतली. मी घरी पेला हुंगते तशी तिनं ती हुंगली. फक्त पदराआड नाही, आणि कुणाकडं पाठ करून नाही. सगळ्या गावासमोर, नाकाला लावून, सावकाश.

"हाव," ती म्हणाली, "हे आमचंच हाय. लिवा."